मुलांच्या हातची टोपरी आणि दुपटी: नवजात बाळांसाठी काय शिकवायचं, कसं शिकवायचं

दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी लागली की पालकांच्या ग्रुपवर हमखास विषय निघतो, मुलांकडून गरजूंसाठी काहीतरी करून घेऊया. मग ग्रीटिंग कार्डं होतात, रंगवलेल्या पणत्या होतात, कागदी फुलं होतात. वाईट काहीच नाही त्यात, पण घेणाऱ्याला त्या वस्तूची गरज होती का हे कोणी विचारलेलं नसतं. माझं म्हणणं असं की मुलांना हस्तकला शिकवायचीच आहे ना, तर अशी शिकवा की बनलेली वस्तू दुसऱ्या दिवसापासून कोणाच्यातरी अंगावर असेल. त्यासाठी मला सगळ्यात योग्य वाटणारी गोष्ट म्हणजे नवजात बाळाचं टोपरं आणि दुपटं. दोन्ही लहान, दोन्ही सात-आठ वर्षांपासूनच्या मुलांना जमणारी, सामान स्वस्त, आणि गरज खरीखुरी.

गरज का ते आधी मुलांना नीट सांगा, कारण हे कळलं की ती टाका नीट घालतात. बाळाच्या शरीराचं तापमान साधारण ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सियस असायला हवं. जी बाळं ३७ आठवड्यांच्या आधी जन्मतात किंवा ज्यांचं वजन अडीच किलोपेक्षा कमी असतं त्यांच्या अंगावर चरबी फारच कमी, त्यामुळे ती पटकन गार पडतात, आणि बाळाचं डोकं बाकी शरीराच्या मानाने मोठं असल्यामुळे उघड्या डोक्यातून बरीच ऊब जाते. म्हणून दवाखान्यात कांगारू मदर केअर देताना, म्हणजे बाळाला आईच्या उघड्या छातीवर ठेवतात तेव्हा, बाळाच्या अंगात जेमतेम लंगोट असतो पण डोक्यावर टोपरं आणि पायात मोजे घालतात. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्याच बायकांना शिकवून घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेण्याची पद्धत उभी केली, त्याचे निष्कर्ष १९९९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले, त्यातही बाळाला उबदार ठेवणं हा एक महत्त्वाचा भाग होता. आज आशाताई जन्मानंतरच्या ४२ दिवसांत ठरलेल्या दिवशी घरी येऊन बाळ बघतात, वजन करतात, ताप बघतात, बाळ नीट गुंडाळलंय का हेही बघतात. एवढं सगळं मुलांना त्यांच्या भाषेत सांगता येतं. मात्र ‘गरीब बाळ’ असं म्हणू नका. ‘लवकर जन्माला आलेलं बाळ’ म्हणा, ते खरंही आहे आणि मुलांच्या डोक्यात देणारा वरचा आणि घेणारा खालचा असं काही बसत नाही.

आता पहिलं काम सुई-लोकरीचं नाहीये, फोनचं आहे. सामान आणायच्या आधी विचारायचं. जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांचा अतिदक्षता कक्ष असतो, तिथल्या इन्चार्ज सिस्टरना किंवा प्रसूती वॉर्डच्या सिस्टरना भेटून विचारा की हाताने केलेली टोपरी घ्याल का, कुठल्या मापाची लागतात, कापड सुती हवं की लोकर चालेल, जुन्या कापडाचं दुपटं चालतं की नवंच हवं. बऱ्याच ठिकाणी इन्फेक्शनच्या भीतीने अतिदक्षता कक्षात बाहेरचे कपडे घेतच नाहीत, आणि ते बरोबरच आहे, तिथे वाद घालायचा नाही. अशा वेळी त्या बाळांना घरी सोडताना द्यायला ठेवतील का विचारा, किंवा गावातल्या आशाताई नाहीतर अंगणवाडीताईंशी बोला, त्यांना कुठल्या घरी बाळ येणार आहे हे माहीत असतं. शक्य असेल तर हे प्रश्न मुलांकडूनच वहीत लिहून घ्या आणि एक-दोन मोठ्या मुलांना फोनवर बोलायला लावा. सिस्टरांनी सांगितलेलं माप मुलांनी स्वतः ऐकलेलं असलं की नंतर ‘थोडं मोठं झालं तर काय होतं’ असं कोणी म्हणत नाही.

सामानाचं सांगते. टोपऱ्यासाठी बेबी लोकर म्हणून जी मऊ अॅक्रिलिकची लोकर मिळते ती घ्या, खरी मेंढीची लोकर नको, ती टोचते आणि गरम पाण्यात धुतली की आटते. दुकानात गालाला किंवा मानेला लावून बघा, टोचली तर ठेवून द्या. केसाळ, चमकीची, जरीची लोकर अजिबात नको, तिचे तंतू बाळाच्या नाकातोंडात जातात. पुण्यात असाल तर रविवार पेठेत बोहरी आळीत लोकर, सुया, कापड सगळं एका फेरीत होतं, बाकी गावात बाजारपेठेतलं लेडीज स्टोअर्स किंवा शिलाईचं सामान विकणारं दुकान असतंच. रंग फिके घ्या, आणि काळा टाळा, नवजात बाळाला काळं घालणं काही घरांत चालत नाही. गडद रंग घ्यायचाच असेल तर लोकरीचा तुकडा ओला करून पांढऱ्या फडक्यात दाबून ठेवा, रंग उतरला तर ती लोकर बाळासाठी नाही.

दुपट्यासाठी जुन्या सुती साडीला तोड नाही. आपल्याकडे पहिले काही दिवस बाळाला नवे करकरीत कपडे न घालता वापरून मऊ झालेलं कापड वापरायची पद्धत आहेच, आजीचं नऊवारी फाडून दुपटी शिवलेल्या घरांची काही कमी नाही. अडचण एवढीच की हल्ली कपाटातून ‘कॉटन’ म्हणून निघणाऱ्या बऱ्याच साड्यांत पॉलिस्टर मिसळलेलं असतं. ओळखायचं कसं? कडेचा एक दोरा काढून मोठ्या माणसाने चिमट्यात धरून जाळून बघायचा. सुती दोरा कागदासारखा जळतो, तसाच वास येतो आणि मऊ राख होते. सिंथेटिक असेल तर वितळून टोकाला कडक मणी तयार होतो. मण्यावालं कापड बाजूला. मुलं हे बघायला अगदी गोल करून बसतात, पण काडेपेटी मोठ्यांच्याच हातात. साडी चांगली असेल तर पदर आणि जरीचे काठ कापून टाका, कांजी असेल तर रात्रभर भिजवा, मग गरम पाण्यात साध्या साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवा. फॅब्रिक सॉफ्टनर, सुगंधी काहीही नको. नवीन कापड आणलं तरी शिवायच्या आधी एकदा धुवायचंच, म्हणजे आटायचं ते आधीच आटतं.

कोणाला काय द्यायचं हे वयावर कमी आणि हातावर जास्त ठरवा. तरी साधारण सांगायचं तर पाच-सहा वर्षांची मुलं लोकरीच्या लडीचा गुंडा करतात, कापडं रंगाप्रमाणे लावतात, चिठ्ठ्यांवर चित्रं काढतात. सात-आठची मुलं धावदोरा घालतात. नऊच्या पुढे डब्यावरचं विणकाम छान जमतं, आणि अकरा-बारानंतर क्रोशा हातात द्यायला हरकत नाही. मुलगे-मुली असा भेद करू नका हे सांगायची खरं तर गरज नसावी, पण ‘आमच्या मुलाला दुसरं काहीतरी द्या’ असं म्हणणारे पालक भेटतात म्हणून सांगते, सरळ नाही म्हणा. चार-पाच मुलांमागे एक मोठं माणूस हवं आणि ते मोठं माणूस म्हणून सोसायटीतल्या आज्यांना बोलवा. अर्ध्याहून जास्त जणींना विणकाम येत असतं आणि त्यांना हे काम मनापासून आवडतं. एका वेळी पाऊण तास पुरे, त्यानंतर टाके वाकडे यायला लागतात.

धावदोरा शिकवताना थेट दुपट्यावर बसवू नका. आधी मॅटीचा, म्हणजे मोठ्या विणीच्या जाड कापडाचा, किंवा गोणपाटाचा तुकडा, जाड दोरा आणि बोथट टोकाची लोकरीची सुई. मॅटीची भोकं दिसतात म्हणून मुलांना टाका मोजता येतो, दोन भोकं वर, दोन भोकं खाली. दोरा हातभरच घ्यायचा, त्याहून लांब घेतला की गुंता होतो आणि अर्धा वेळ गुंता सोडवण्यात जातो. गाठ मारायला शिकवणं हे मुलांना सगळ्यात अवघड जातं, बोटाभोवती एक वेढा, चोळून खाली सरकवायचा, ओढायचा, हे हळूहळू पुन्हा पुन्हा दाखवावं लागतं आणि दाखवायचं. उजव्या हाताच्या मुलाच्या शेजारी बसून दाखवा, डावखुऱ्याच्या समोर बसा म्हणजे त्याला आरशात बघितल्यासारखं दिसतं आणि तो तुमची नक्कल बरोबर करतो. डावखुऱ्या मुलाला उजव्या हाताने शिवायला लावू नका, त्याचा टाका त्याच्या हाताने सरळच येतो.

आणि सुयांचा हिशोब. बसायच्या आधी सुया मोजायच्या, वहीत आकडा लिहायचा, उठताना परत मोजायच्या, आकडा जुळल्याशिवाय कोणी घरी जायचं नाही. एक सुई कमी भरली तर लोहचुंबक फिरवून शोधायची, आधी दुपट्यात आणि मग सतरंजीवर. हा नियम मी कधीच सैल करत नाही, कारण ते कापड ज्याच्याभोवती गुंडाळलं जाणार आहे त्याला टोचतंय हे सांगता येत नाही. टाचण्यांऐवजी म्हणूनच सेफ्टी पिना वापरा, त्यासुद्धा मोजून.

दुपटं असं करायचं. सुती कापडाचे दोन चौकोन, प्रत्येकी ८५ सेंटीमीटर बाजूचे. एकावर एक ठेवायचे, उलट बाजू बाहेर, तीन बाजू पूर्ण आणि चौथी बाजू वीतभर सोडून शिवायच्या, कडेपासून दीड सेंटीमीटर आत. ही कड मोठ्या माणसाने मशीनवर मारली तरी चालेल, उलट मी तर सांगेन मशीनवरच मारा कारण रोजच्या धुण्यात ताण कडेवर येतो. मग सोडलेल्या वीतभर जागेतून कापड उलटून सुलट बाहेर काढायचं, कोपरे पेन्सिलीच्या बोथट टोकाने नीट काढायचे आणि ती जागा हाताने शिवून टाकायची. आता मुलांचं काम सुरू. दुपटं सपाट फरशीवर पसरून खडूने चार-चार बोटांवर रेघा मारायच्या आणि त्या रेघांवरून दोन्ही थर धरून धावदोरा घालत जायचा, टाका साधारण अर्ध्या सेंटीमीटरचा. मध्यापासून सुरुवात करून कडेकडे जायचं, नाहीतर मध्ये फुगवटा येतो. आपली गोधडी अशीच बनते, फक्त इथे आत चिंध्यांचे थर घालायचे नाहीत, कारण जाड दुपटं लवकर वाळत नाही आणि पावसाळ्यात दुपटं लवकर वाळणं याची किंमत आईलाच माहीत. एका दुपट्यावर दोघं-तिघं समोरासमोर बसली तर गप्पा मारत होतं. दोरा संपला की गाठ दोन थरांच्या मध्ये लपवायची, वर ठेवायची नाही. टाक्यांत करंगळी अडकत असेल तर तो टाका फार मोठा झालाय, उसवायचा.

उसवण्याबद्दल थोडं बोलायलाच हवं. शिकवणाऱ्यांचा कस इथे लागतो. मूल म्हणतं राहू दे ना, पालक म्हणतात लहान आहे चालेल, आणि मनात कुठेतरी असतं की फुकट मिळतंय त्यांना चालून जाईल. नाही चालत. आपल्या घरच्या बाळाला जे घातलं नसतं ते दुसऱ्याच्या बाळाला द्यायचं नाही, हे मुलांना वयाच्या आठव्या वर्षी समजतं आणि नीट समजतं. मात्र उसवायचं ते मुलाच्या हातून, तुम्ही हिसकावून नाही. ‘हा टाका कुठून बिघडला, शोध बरं’ असं म्हटलं की रडू न येता शोध सुरू होतो. टाका सरळ आला नाही म्हणून उसवू नका हं, वाकड्या रेघेने बाळाचं काही बिघडत नाही. टाका सैल आहे, गाठ सुटतेय, दोरा लोंबतोय, तेवढ्यासाठीच उसवायचं. हा फरक आधी सांगून ठेवला की मुलंही स्वतःचं काम तपासायला शिकतात.

आता टोपरं. दोन सुयांवर विणणं लहान मुलांना जड जातं म्हणून डब्याचा साचा करायचा. साधारण ३६ सेंटीमीटर घेराचा प्लॅस्टिकचा गोल डबा घ्या, आइस्क्रीमचा किंवा श्रीखंडाचा मोठा डबा चालतो, त्याचा तळ मोठ्या माणसाने कापून काढायचा कारण विणलेला भाग आतून खाली उतरत जातो. डब्याच्या बाहेरच्या बाजूने आइस्क्रीमच्या २४ काड्या उभ्या लावायच्या, दर दीड सेंटीमीटरला एक, काडीचं टोक डब्याच्या कडेच्या वर अडीच सेंटीमीटर आलं पाहिजे. रुंद चिकटपट्टीचे दोन-तीन घट्ट वेढे आणि वरून दोन रबरबँड. २४ गुणिले दीड बरोबर ३६, हे मुलांनाच करायला द्या. वर्ध्याला १९३७ साली गांधीजींनी नई तालीम मांडली ती याच विचारावर, की हातातल्या कामातूनच गणित आणि बाकीचे विषय शिकता येतात, आणि डब्याला सुतळी गुंडाळून घेर मोजणारी तिसरीतली मुलं बघितली की ते पटतं.

लोकर दुहेरी घ्यायची, नाहीतर वीण फार विरळ येते. पहिल्या काडीला सैल फास अडकवा. मग प्रत्येक काडीभोवती लोकरीचा एकेक वेढा घेत पूर्ण गोल फिरा, परत दुसरा गोल फिरा, म्हणजे प्रत्येक काडीवर खाली एक आणि वर एक असे दोन फास झाले. आता क्रोशाच्या सुईने खालचा फास उचलायचा, वरच्या फासावरून आणि काडीच्या टोकावरून घेऊन डब्याच्या आत सोडून द्यायचा. सगळ्या काड्यांवर असं झालं की एक ओळ झाली. परत एक गोल वेढे, परत खालचा फास आत. बस, एवढंच. लोकर ओढून घट्ट गुंडाळू नका, फास उचलतानाच दमायला होतं, हात सैल ठेवा. मध्येच उठायचं झालं तर काड्यांच्या टोकांवर एक रबरबँड चढवून ठेवा म्हणजे फास सुटत नाहीत.

आत उतरलेलं विणकाम १७ सेंटीमीटर झालं की थांबायचं. लोकर हातभर सोडून कापायची, बोथट सुईत ओवून प्रत्येक काडीवरचा फास सुईने उचलत काडीवरून काढायचा, सगळे फास लोकरीत आले की ओढून बटव्यासारखं तोंड आवळायचं. वरचं भोक आतून दोन-तीन टाके घालून पूर्ण बंद करायचं, टोकं आतल्या विणीत सात-आठ सेंटीमीटर ओवून मग कापायची. खालची कड चार सेंटीमीटर दुमडली की टोपरं झालं. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३३ ते ३६ सेंटीमीटर असतो आणि ही वीण ताणली जाते, त्यामुळे न ताणता टोपऱ्याचा घेर ३० ते ३२ भरला तर बरोबर. लोकरीच्या जाडीप्रमाणे हे बदलतं म्हणून पहिलं टोपरं तुम्ही स्वतः विणून मोजा, मोठं होत असेल तर काड्या कमी करा. लवकर जन्मलेल्या बाळांसाठी लहान डबा लागेल, सिस्टरांनी सांगितलेल्या मापाप्रमाणे, तो घेर २८-३० आणि काड्या २० अशा हिशोबाने करून बघा.

टोपऱ्यावर गोंडा नको, मणी नको, बटण नको, हनुवटीखाली बांधायचे बंद नकोत. मुलांना सजवायचं असतं, अगदी हट्टाने सजवायचं असतं, पण सुटलेला मणी बाळाच्या तोंडात जातो आणि बंद गळ्याभोवती आवळतो. त्यांची ती हौस रंग बदलून पट्टे घालण्यात भागते. आतली बाजू उलटून लोंबणारा धागा आहे का हे बोट फिरवून बघायचं. दुपटी असोत की मोजे, बाळाच्या बोटाला धागा गुंडाळला गेला तर रक्त थांबतं, म्हणून ही तपासणी दोन वेगवेगळ्या मुलांनी करायची, ज्याने विणलं त्याने आणि शेजारच्याने.

कोणी विचारतं की मोठ्या मुलांना हे बाळांचं काम नको असेल तर? तेरा-चौदाच्या मुलांना केमोथेरपी घेणाऱ्यांसाठी मऊ टोप्या शिवता येतील, जुन्या पण चांगल्या होजिअरीच्या टी-शर्टच्या, कारण केस गेल्यावर टाळू नाजूक होते आणि लोकर टोचते. त्यातही शिवण सपाट हवी, शक्य तर बाहेरच्या बाजूला. मुंबईत परळला टाटा हॉस्पिटलच्या आजूबाजूला गावाकडून आलेले पेशंट आणि नातेवाईक महिनोन्महिने राहतात, त्यांना राहायला जागा देणाऱ्या संस्था आहेत, तिथे आधी विचारून देता येतं. वृद्धाश्रमासाठी मांडीवर घ्यायची छोटी पांघरुणं हेही चांगलं काम, पद्धत दुपट्याचीच, माप साधारण एक मीटर बाय सव्वा मीटर, आणि इथे आतमध्ये एक जुन्या चादरीचा थर घाला.

सगळं तयार झालं की परत एकदा धुवायचं. गरम पाणी, साधा साबण, दोनदा स्वच्छ पाण्यातून काढायचं, उन्हात पूर्ण कोरडं करायचं, दमट राहिलं तर बुरशीचा वास येतो. मग एक टोपरं आणि एक दुपटं अशी जोडी स्वच्छ कागदी पिशवीत, मापाप्रमाणे वेगवेगळे गठ्ठे, म्हणजे सिस्टरांना शोधत बसावं लागणार नाही. पिशवीत चिठ्ठी घाला, त्यावर ‘वापरायच्या आधी धुवा, गरम पाणी चालेल’ एवढं मराठीत मोठ्या अक्षरात, खाली मुलाने काढलेलं चित्र आणि फक्त पहिलं नाव. शाळेचं नाव, सोसायटीचा लोगो, कोणाच्या वाढदिवसानिमित्त वगैरे काही नको.

द्यायला जाताना दोन-तीनच मुलं न्या, सर्दी-खोकला असलेलं एकही नको, आणि पिशव्या ऑफिसमध्ये किंवा सिस्टरांच्या टेबलावर द्या. वॉर्डात बाळंतिणी असतात, तिथे मुलांची रांग लावून वाटप करायचं नाही आणि आई-बाळाचे फोटो काढायचे नाहीत. फोटो हवाच असेल तर घरी, टोपरी रांगेत मांडून, मुलांसकट काढा. पंधरा दिवसांनी सिस्टरांना किंवा आशाताईंना परत फोन करून विचारा की मापं बरोबर होती का, धुतल्यावर कसं राहिलं. त्यांनी सांगितलं की टोपरी डोळ्यांवर येतायत, तर पुढच्या खेपेला काड्या कमी. हे उत्तर मुलांना सांगायचंच, कौतुक असेल ते आणि तक्रार असेल तीही.

डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत टोपरी हातात असायला हवीत, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत सुरू करा आणि नोव्हेंबर संपायच्या आत पोचवा. दुपटी वर्षभर लागतात, पावसाळ्यात तर जास्तच, त्यामुळे मे महिन्यात दुपटी घ्या आणि दिवाळीत टोपरी. उरलेली लोकर रंगाप्रमाणे गुंडे करून झाकणाच्या डब्यात ठेवा, पाच-पाच मीटरचे तुकडे पट्ट्यांना पुरतात.